पिपेटचा थेंब

तीस एप्रिल. बाहेर पंचेचाळीस,
आत कूलरच्या ताट्यांतून वाळ्याचा ओला वास.
सोमकुंवर मॅडमनी फॉर्म ठेवला टेबलावर:
"काका आज रिटायर होतात.
त्यांची रेषा आणि तुझी रेषा जुळल्याशिवाय
शिशाच्या अहवालावर तुला सही करता येणार नाही."

त्यांची रेषा कालची, माझी आजची.
तेच यंत्र, तोच पारा,
त्याच सात चंबूंत तेच शिसं,
शून्यापासून साठपर्यंत, दहा-दहाच्या पायरीनं,
अब्ज भाग पाण्यात एवढंसंच.
प्रत्येक चंबूला आठ मिनिटं नायट्रोजन.
विरघळलेला प्राणवायू निघून जातो
आणि जे शिखर उभं राहतं ते नुसतं शिशाचं.
त्या आठ मिनिटांत मी मोबाईल बघते.
हटवारकाका बुडबुडे बघतात.

उतार आधी नाही बघायचा.
आधी बघायचं, कुणाचे ठिपके
स्वतःच्याच रेषेपासून किती ढळले.
काकांचे वडील गोळीबार चौकात मागावर बसायचे,
धागा तुटायच्या आधी म्हणे त्यांच्या कानाला कळायचं.
काकांचे सातही ठिपके ताणलेल्या सुतावर.
माझे? विचलनांचा वर्ग काढला:
त्यांच्या नऊपट.
तक्ता सात पूर्णांक पंधरापर्यंत माफ करतो.
म्हणजे दोघांची चूक एका पिशवीत भरता येणार नाही.
भरता आली असती
तर स्वातंत्र्याचे दहा अंश मिळाले असते.
आता सहा.
एप्रिलच्या नागपुरात अंश कमी झाले म्हणून
वाईट वाटलेली मी पहिलीच असेन.

मग उतार.
टी आला एक पूर्णांक चार,
सहा अंशांना लागत होता दोन पूर्णांक पंचेचाळीस.
फरक सिद्ध होत नाही.

फॉर्मवर दोनच चौकटी, सारखे आणि वेगळे.
"सारखेवर खूण कर," मॅडम म्हणाल्या, "गाडी थांबलीय."
मी म्हटलं, मॅडम,
फरक नाही असं नाही सापडलं,
फरक सापडला नाही.
माझे ठिपके इतके पांगलेत
की त्या पसाऱ्यात एखादा फरक दडून बसला
तर मला दिसणारसुद्धा नाही.
आणखी वाईट काम केलं असतं
तर आणखी सहज मी काकांसारखी ठरले असते.

मॅडम घड्याळाकडे बघत राहिल्या.

काका बेसिनपाशी चंबू विसळत होते,
नायट्रिकनं पिवळी पडलेली बोटं,
पँटच्या खिशात उन्हासाठी ठेवलेला कांदा.
मान न वळवता म्हणाले,
"पाचव्या चंबूले पिपेट फुंकली नं तू?"

हो. टोकाशी एक थेंब अडला होता,
फुग्यानं ढकलला मी.
वाया कशाला घालवायचा.

"तो थेंब आपला नसते, बाई.
तो पिपेटचा असते.
बनवणाऱ्यानं हिशोबात धरूनच ठेवला असते त्याले."
मग जरा थांबून,
"साऱ्याच चंबूले फुंकली असती
तं रेषा सरळच आली असती, नुसती जराशी उभी.
कोणाले समजलंही नसतं.
तू कधी फुंकते, कधी नाही फुंकत.
म्हणून तं दिसलं."

साडेचारला त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला,
कोट खिळ्याला तसाच राहिला.
मॅडमची गाडी गेली, त्यांची लुना गेली,
रस्त्यावर लू आणि धूळ, बाकी कुणी नाही.

फॉर्म माझ्याकडेच.
दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत लिहिलं:
विखुरणी वेगळी. चाचणी पुन्हा.
उद्या एक मे, सुट्टी. म्हणजे परवा.

फ्रिजमध्ये कुठल्याशा विहिरीचं पाणी,
लेबलवर काकांचं अक्षर, उजवीकडे कललेलं.
आणि परवासाठी सातही चंबू
त्यांनी आम्लात भिजत घालून ठेवलेत.